सोळा पर्याय, ९७ लाख मते आणि न विचारलेला प्रश्न

जगातली गरिबी कमी करण्याचे बेत ज्यांच्यासाठी आखले जातात, त्यांना आधी विचारावे ही मागणी जुनी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ ते २०१५ या काळात ती पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर अमलात आणून पाहिली. गरिबी हटवण्यासाठी राष्ट्रसंघाने आधी ठरवलेल्या आठ सहस्रक विकास उद्दिष्टांची मुदत २०१५ मध्ये संपत होती आणि त्यांच्या जागी काय यावे हे ठरवायचे होते. त्यासाठी 'माय वर्ल्ड' नावाचे जगभर चालणारे मतदान घेतले गेले, आणि त्याच सुमारास 'द वर्ल्ड वुई वाँट' या व्यासपीठावर विषयवार ऑनलाइन चर्चाही चालल्या. एकच संस्था, एकच प्रश्न, जवळजवळ एकच काळ, पण लोकांना सामील करून घेण्याच्या दोन निराळ्या रीती. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकणे बरे. मतदानात लाखो माणसे आली, पण त्यांच्यापुढे ठेवलेल्या यादीत गरिबीची जागतिक कारणे जवळजवळ नव्हतीच. चर्चेत माणसे तुलनेने फार थोडी होती, तरी तिथे लोक एकमेकांच्या म्हणण्याला उत्तर देऊ शकत होते आणि तिथे पुढे आलेल्या मागण्या नव्या उद्दिष्टांच्या अंतिम मजकुरात बोट ठेवून दाखवता येतात. सहभाग मोजताना आपण डोकी मोजतो. प्रश्न कोणी लिहिला, तो कोणत्या टप्प्यावर विचारला आणि उत्तर कोणाच्या टेबलावर गेले, हे मोजायला हवे.

बंद खोलीतली उद्दिष्टे

आधीची उद्दिष्टे कशी तयार झाली हे माहीत असल्याशिवाय २०१३ च्या उत्साहाचा अर्थ लागत नाही. सप्टेंबर २००० मध्ये १८९ देशांनी सहस्रक जाहीरनामा स्वीकारला. त्यातून आठ उद्दिष्टे काढण्याचे काम पुढच्या वर्षी तज्ज्ञांच्या एका लहान गटाने केले. त्यांतली बरीचशी उद्दिष्टे श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९६ मध्येच मांडून ठेवली होती. राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे (यूएनडीपी) तेव्हाचे प्रमुख मार्क मॅलॉक ब्राउन यांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. मसुदा छपाईला गेला होता, आणि राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख समोरून येताना दिसले तेव्हा पर्यावरणाचे उद्दिष्ट घालायचेच राहून गेले आहे हे त्यांच्या लक्षात आले. मग घाईघाईने ते घालण्यात आले. पुढची पंधरा वर्षे जगातल्या मदतीच्या पैशाला दिशा देणारी यादी इतक्या थोड्या माणसांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून होती.

गरिबांचे म्हणणे तेव्हा उपलब्ध नव्हते असेही नाही. जागतिक बँकेने दीपा नारायण यांच्या नेतृत्वाखाली नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोठा अभ्यास केला होता. ६० देशांतल्या ६० हजारांहून अधिक गरीब स्त्री-पुरुषांचे म्हणणे त्यात गोळा झाले. कमी उत्पन्नाइतक्याच ठळकपणे तिथे इतर गोष्टी पुढे आल्या: कचेरीत होणारा अपमान, पोलिसांची भीती, आपल्या बोलण्याला किंमत नसणे, उद्याची शाश्वती नसणे. पण सहस्रक उद्दिष्टांत गरिबीचे पहिले लक्ष्य उरले ते असे: रोज एक डॉलरहून कमी उत्पन्नावर जगणाऱ्यांचे प्रमाण १९९० ते २०१५ या काळात निम्मे करायचे.

हे 'निम्मे' नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढच्या चर्चेचा गाभा तोच आहे. प्रमाण निम्मे करायचे म्हटले की सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रेषेच्या जरा खाली असलेल्यांना उचलून रेषेच्या जरा वर ठेवणे. सगळ्यात खाली असलेल्या माणसाला, म्हणजे अपंग, दुर्गम भागातल्या, वंशामुळे किंवा जातीमुळे बाजूला ठेवलेल्या माणसाला हात न लावताही लक्ष्य गाठता येते. शिवाय जगाची सरासरी एकदोन मोठ्या देशांच्या प्रगतीने खाली येऊ शकते. तसेच झाले. जागतिक पातळीवर हे लक्ष्य २०१० मध्ये, मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले गेले आणि त्यात चीनचा वाटा फार मोठा होता. राष्ट्रसंघाच्या २०१५ च्या अहवालानुसार अतिगरिबांची संख्या १९९० मधल्या १.९ अब्जांवरून ८३ कोटी ६० लाखांवर आली. ही साधी गोष्ट नव्हे. पण सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण ५७ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवरच आले, म्हणजे तिथे लक्ष्य चुकले. सरासरीत हे दिसत नाही.

मतपेटी जगभर फिरली

जुलै २०१२ मध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी पुढच्या उद्दिष्टांवर सल्ला देण्यासाठी २७ जणांची उच्चस्तरीय समिती नेमली. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो, लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ आणि ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन हे तिघे सहअध्यक्ष होते. बंद खोलीचा आरोप पुन्हा नको म्हणून या वेळी राष्ट्रसंघाने दारे उघडली. अकरा विषयांवर जागतिक सल्लामसलत ठरली, अनेक देशांत राष्ट्रीय पातळीवरच्या चर्चा ठरल्या, आणि जानेवारी २०१३ मध्ये 'माय वर्ल्ड' सुरू झाले. त्यामागे यूएनडीपी, राष्ट्रसंघाची सहस्रक मोहीम, लंडनची ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड वाइड वेब फाउंडेशन या संस्था होत्या.

मांडणी अगदी सोपी होती. सोळा गोष्टींची यादी, आणि प्रश्न असा की यांपैकी तुमच्यासाठी व तुमच्या कुटुंबासाठी सर्वांत महत्त्वाच्या सहा कोणत्या? सोबत देश, वय, स्त्री की पुरुष आणि शिक्षण एवढेच विचारले जाई. निकाल संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येत आणि देश, वय, शिक्षण यांनुसार वेगळे काढता येत. हा खुलेपणा त्या काळी मोठा होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. यादीही कोणी हवेतून आणलेली नव्हती. गरिबांच्या मतांवर आधी झालेले अभ्यास आणि तेव्हा धोरणकर्त्यांत चाललेली चर्चा या दोन्हींवरून ती तयार केलेली होती.

अडचण उघड होती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०१३ च्या अंदाजानुसार जगातले ३९ टक्के लोक इंटरनेट वापरत होते. विकसित देशांत हे प्रमाण ७७ टक्के, विकसनशील देशांत ३१ टक्के आणि आफ्रिकेत १६ टक्के होते. गरिबीबद्दलचे मतदान फक्त संकेतस्थळावर ठेवले असते तर गरीब सोडून बाकी सगळ्यांनी मत दिले असते. म्हणून मोबाइल संदेश आणि फोन कॉल यांचा मार्ग ठेवला, आणि मुख्य म्हणजे कागदी मतपत्रिका छापल्या. हजाराहून अधिक भागीदार संस्थांचे स्वयंसेवक त्या घेऊन शाळांत, बाजारांत, वस्त्यांत गेले. नायजेरियात राष्ट्रीय युवा सेवेत असलेल्या तरुणांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले आणि तो देश सर्वाधिक मते देणाऱ्या देशांत गेला. मेक्सिको आणि भारत हेही त्याच रांगेत होते. २०१५ अखेरपर्यंत सुमारे ९७ लाख मते जमली. त्यांतली बहुसंख्य कागदावर दिलेली होती आणि मग कोणीतरी बसून संगणकात भरलेली होती.

ऑनलाइन सहभागाच्या गप्पा मारताना हा भाग वगळला जातो, म्हणून तो इथे ठासून सांगावासा वाटतो. या उपक्रमातले तंत्रज्ञान मोजणीपुरते होते. माणसापर्यंत पोहोचण्याचे काम चालून गेलेल्या स्वयंसेवकांनी केले. असा उपक्रम कोणी आखत असेल तर खर्चाचा आणि मनुष्यबळाचा मोठा हिस्सा संकेतस्थळावर न घालवता या चालण्यावर घालवावा लागतो. पण कागदाचा एक तोटाही झाला. ज्याच्याकडे इंटरनेट नाही म्हणून कागदावर मत घेतले, त्याला निकाल पाहायला मात्र इंटरनेटच लागत होते. जाताना त्याचे मत घेऊन गेलेले स्वयंसेवक परत येऊन निकाल सांगतीलच, याची खात्री नव्हती.

आणखी एक पोकळी होती, ती मला याहून गंभीर वाटते. मतपत्रिकेवर उत्पन्नाचा प्रश्न नव्हता. त्यामुळे मत देणारा गरीब आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. शिक्षणाची पातळी आणि देशाचा मानवी विकास निर्देशांक यांवरून अंदाज बांधता येत होता, पण गरीब देशातला सुखवस्तू विद्यार्थी आणि त्याच देशातली शेतमजूर बाई एकाच रकान्यात पडत होते. मतदारांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण फार मोठे होते, कारण शाळा-महाविद्यालयांत मतपत्रिका भरून घेणे सोपे जाते. चांगले शिक्षण हा पर्याय पहिला आला. तो एरवीही वर आला असता असे मला वाटते, पण तो विद्यार्थ्यांमुळे किती वर आला हे या आकड्यांतून सांगता येत नाही.

यादीत काय होते

निकालाचा क्रम साधारण असा लागला. चांगले शिक्षण, चांगली आरोग्यसेवा, कामाच्या चांगल्या संधी, प्रामाणिक आणि लोकांचे ऐकणारे सरकार, परवडणारे सकस अन्न, गुन्हे आणि हिंसेपासून संरक्षण, स्वच्छ पाणी व स्वच्छता या गोष्टी वरच्या अर्ध्यात. काम करू न शकणाऱ्यांना आधार, रस्ते आणि वाहतूक, स्त्री-पुरुष समानता मध्ये. राजकीय स्वातंत्र्य, भेदभावापासून मुक्ती, घरात भरवशाची वीज, जंगले-नद्या-समुद्रांचे रक्षण खाली. फोन आणि इंटरनेट जवळजवळ तळाला, आणि हवामानबदलावर कृती सगळ्यात शेवटी.

चौथ्या क्रमांकाकडे आधी पाहू. 'प्रामाणिक सरकार' हे सहस्रक उद्दिष्टांत स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून नव्हते. राष्ट्रांच्या प्रतिनिधींना हा विषय नेहमीच अडचणीचा वाटतो, कारण तो त्यांच्याच सरकारांविषयी असतो. लाखो लोकांनी तो अन्नाच्या आणि पाण्याच्याही वर ठेवला. सहस्रक उद्दिष्टांच्या जागी २०१५ मध्ये आलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले सोळावे उद्दिष्ट, म्हणजे शांतता, न्याय आणि सक्षम संस्था, ज्यांना हवे होते त्यांच्या हातात यामुळे एक ठोस आधार आला. फक्त मतदानामुळे ते आले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. मात्र 'लोकांना याच्याशी काही देणेघेणे नाही' हा युक्तिवाद तरी कोणाला करता आला नाही. मतदानाचा हा उपयोग खरा आहे.

तळाच्या क्रमांकाची कथा उलटी आहे. हवामानबदल शेवटचा आला हे पाहून काही टीकाकारांनी लगेच निष्कर्ष काढला की गरिबांना त्याची फिकीर नाही, तो श्रीमंतांचा विषय आहे. मतपत्रिकेच्या रचनेवरून हा निष्कर्ष निघत नाही. माणसाला सोळांतल्या सहाच गोष्टी निवडायच्या होत्या. सातवी गोष्ट त्याला नकोच होती असा त्याचा अर्थ होत नाही. आणि यादीत फळे आणि मुळे एकाच ओळीत उभी केली होती. पाणी, अन्न, आरोग्य, काम ही माणसाला रोज जाणवणारी फळे आहेत. पाऊस लांबला की पीक जाते, पीक गेले की अन्न महाग होते, काम मिळत नाही, आजार वाढतात. अन्न आणि पाणी निवडणारा माणूस हवामानाविषयीच बोलत असू शकतो. प्रत्यक्ष बोलणे झाले असते तर हे एका मिनिटात कळले असते. मतपत्रिकेवर पुढचा प्रश्न विचारायची जागा नसते, म्हणून सहा खुणांचा अर्थ नंतर ज्याला हवा तसा लावता आला.

यादीत काय नव्हते

सोळा पर्याय पुन्हा वाचून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. शाळा, दवाखाना, नोकरी, रस्ता, वीज, पोलीस, सरकार हे सगळे एका देशाच्या हद्दीत, बहुतेक करून त्या देशाच्या सरकारकडून मिळणारे आहे. हवामानबदल सोडला तर देशादेशांमधले काहीच नाही. कर्ज नाही. व्यापाराचे नियम नाहीत. एका देशात कमावलेला नफा दुसऱ्या देशात दाखवून कर वाचवणाऱ्या कंपन्या नाहीत. स्थलांतर करणाऱ्यांचे हक्क नाहीत. औषधांची पेटंटे नाहीत. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत देण्याचे लक्ष्य १९७० मध्ये आमसभेने मान्य केले आणि बहुतेक देशांनी ते आजवर गाठलेले नाही, तेही नाही.

प्रश्नातच 'तुमच्यासाठी आणि तुमच्या कुटुंबासाठी' असे शब्द होते, त्यामुळे उत्तरे घराभोवती राहणे स्वाभाविक होते. अशा प्रश्नाचा फायदा आहे. कोणालाही तो समजतो आणि कोणीही अधिकाराने उत्तर देऊ शकतो. पण जागतिक गरिबीचा विचार 'मला काय हवे' एवढ्यावर आणला की उत्तर आधीच ठरल्यासारखे होते: गरीब देशांच्या सरकारांनी सेवा सुधाराव्यात. ते खरेच आहे. मात्र त्या सेवांसाठी लागणारा पैसा कुठे अडतो, हा प्रश्न मतपत्रिकेबाहेर राहतो, आणि श्रीमंत देशातल्या मतदाराला स्वतःच्या सरकारच्या वागण्याविषयी काहीच विचारले जात नाही. त्यालाही विचारले गेले ते त्याच्या कुटुंबाला शिक्षण हवे की आरोग्य एवढेच.

लोकांना असले विषय कळणार नाहीत, ही भीती वारंवार मांडली जाते. ती खोटी ठरल्याचे उदाहरण फार दूर नाही. 'ज्युबिली २०००' या मोहिमेने गरीब देशांची न फेडता येणारी कर्जे माफ करा, अशी एकच मागणी घेऊन जगभरात सुमारे २ कोटी ४० लाख सह्या गोळा केल्या. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला मोठ्या औद्योगिक देशांच्या जी-८ गटाच्या बैठकीबाहेर सुमारे ७० हजार माणसांनी मानवी साखळी केली, आणि पुढच्या वर्षी कोलोनच्या बैठकीत कर्जमाफीची योजना वाढवण्यात आली. कर्ज म्हणजे काय, व्याज म्हणजे काय, सावकाराचे व्याज फेडण्यात घरचा घास कसा जातो हे गरीब माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्या मोहिमेत मागणी एक होती, निर्णय घेणारे कोण हे ठाऊक होते आणि बैठकीची तारीख ठरलेली होती. 'माय वर्ल्ड'मध्ये या तिन्हींपैकी एकही नव्हते.

थोड्या माणसांची चर्चा

आता दुसरी रीत, 'द वर्ल्ड वुई वाँट'वरची चर्चा. अकरा विषयांच्या सल्लामसलतीतला एक विषय विषमता हा होता. युनिसेफ आणि यूएन विमेन यांनी डेन्मार्क व घाना या देशांच्या सहकार्याने ती २०१२ च्या अखेरीस चालवली. लिंगभाव, अपंगत्व, आदिवासी, अल्पसंख्य, तरुण, शहरी वस्त्या, आर्थिक विषमता अशा उपविषयांवर संयोजकांच्या देखरेखीखाली ऑनलाइन चर्चा झाल्या. दीडशेहून अधिक लेखी निवेदने आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोपनहेगनच्या बैठकीत हे सगळे एकत्र मांडले गेले.

या चर्चेच्या मर्यादा लपवण्यासारख्या नाहीत. ती मोजक्या भाषांत झाली. लिहिणाऱ्यांत संस्थांचे कार्यकर्ते आणि अभ्यासक जास्त होते. मोठी निवेदने लिहायला वेळ, वीज आणि भाषा लागते, आणि अतिगरीब माणसाकडे या तिन्हींची टंचाई असते. प्रातिनिधिकतेच्या कसोटीवर ती 'माय वर्ल्ड'च्या जवळपासही येत नाही.

तरीही तिथे जे घडले ते मतदानात घडणे शक्य नव्हते. अपंगत्वावरच्या चर्चेत अपंग व्यक्तींच्या संघटनांनी दाखवून दिले की आठ सहस्रक उद्दिष्टांत आणि त्यांच्या निर्देशकांत अपंगांचा उल्लेखच नाही. मोजणीत नसलेला माणूस अंदाजपत्रकातही येत नाही. नायला कबीर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आधीच मांडले होते की गरिबी, वंश, लिंग आणि राहण्याची जागा यांवरून होणारे अन्याय एकमेकांत गुंतलेले असतात आणि सगळ्यात मागे राहतो तो या गाठीत सापडलेला माणूस. वेगवेगळ्या उपविषयांत बोलणाऱ्यांच्या अनुभवांतून ही गाठ पुन्हा पुन्हा समोर आली. आदिवासींच्या चर्चेतले बोलणे शहरी वस्त्यांच्या चर्चेशी जुळत होते. त्यातून 'निम्मे करा' या भाषेवरचा आक्षेप नेमका झाला: लक्ष्य शून्याचे हवे, आणि सरासरी सुधारली तरी सर्वांत मागचा गट सुधारला नसेल तर लक्ष्य गाठले असे म्हणू नये.

मे २०१३ मध्ये उच्चस्तरीय समितीचा अहवाल आला. विषमतेचे स्वतंत्र उद्दिष्ट त्यात नव्हते, ही चर्चेत भाग घेणाऱ्यांची मोठी निराशा होती. पण सर्व संबंधित उत्पन्नगटांत आणि समाजगटांत पूर्ण झाल्याशिवाय कोणतेही लक्ष्य गाठले असे मानू नये, हे तत्त्व त्यात होते. पुढे केनियाचे मचारिया कामाउ आणि हंगेरीचे चाबा कोरोशी यांच्या अध्यक्षतेखाली, नव्या उद्दिष्टांचा प्रस्ताव तयार करणाऱ्या देशांच्या खुल्या कार्यगटात मार्च २०१३ ते जुलै २०१४ अशा तेरा बैठका झाल्या. विषमतेच्या उद्दिष्टावर तिथे शेवटपर्यंत ओढाताण चालली. २५ सप्टेंबर २०१५ रोजी १९३ देशांनी स्वीकारलेल्या १७ उद्दिष्टांत दहावे उद्दिष्ट विषमता कमी करण्याचे आहे. पहिल्या उद्दिष्टाच्या पहिल्या लक्ष्यात अतिगरिबी 'सर्वत्र, सर्वांसाठी' संपवण्याची भाषा आहे, निम्म्याची नाही. आणि त्याच उद्दिष्टाचे दुसरे लक्ष्य उत्पन्नापुरते न थांबता 'सर्व परिमाणांतल्या' गरिबीचे आहे, मात्र तिथे ती किमान निम्म्याने कमी करण्याचीच भाषा राहिली. अपंग व्यक्तींचा उल्लेख शिक्षण, रोजगार, विषमता, शहरे आणि आकडेवारी या सगळ्यांच्या लक्ष्यांत आला. आकडे उत्पन्न, लिंग, वय, वंश, अपंगत्व, स्थलांतर यांनुसार वेगळे करून ठेवावेत असे १७.१८ हे लक्ष्य सांगते.

हे श्रेय एकट्या ऑनलाइन चर्चेचे नाही. संघटनांचा दबाव, काही सरकारांची भूमिका, अभ्यासकांचे लेखन हे सगळे त्यात होते. पण चर्चेने त्यांना भाषा आणि पुरावा दिला, आणि तोही मसुदा लिहिला जाण्याच्या आधी. वेळेचा मुद्दा इथे निर्णायक ठरला. खुल्या कार्यगटाने जुलै २०१४ मध्ये १७ उद्दिष्टांचा प्रस्ताव दिला, त्यानंतरही 'माय वर्ल्ड'ची मते जमतच राहिली. शेवटच्या काही लाख मतांनी मजकुरातले अक्षरही हलणार नव्हते. ती मते गोळा करणाऱ्या तरुणांनी मनापासून कष्ट केले होते. त्यांना हे आधी सांगायला हवे होते.

अदिस अबाबाची रिकामी खुर्ची

जुलै २०१५ मध्ये इथिओपियाच्या राजधानीत विकासाच्या अर्थसाहाय्यावरची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. उद्दिष्टांसाठी पैसा कुठून यायचा हे तिथे ठरणार होते. आंतरराष्ट्रीय करांचे नियम ओईसीडीत ठरतात. ते राष्ट्रसंघात, सर्व देशांना समान मत असलेल्या समितीत ठरावेत, अशी विकसनशील देशांच्या जी-७७ गटाची मागणी होती. श्रीमंत देशांनी ती मानली नाही. विकसनशील देशांतून बाहेर जाणारा नफा आणि त्यावर बुडणारा कर हा शाळा-दवाखान्यांच्या पैशाचा प्रश्न आहे. पहिला आणि दुसरा क्रमांक मिळवणाऱ्या शिक्षण-आरोग्याचा पैसा या बैठकीत अडला. आणि तिथे कोणत्याही प्रतिनिधीला '९७ लाखांपैकी इतक्यांनी याविषयी असे सांगितले आहे' असे म्हणता आले नाही, कारण ते कोणालाही विचारलेच नव्हते.

आठ वर्षांनी हा विषय पुन्हा उभा राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये नायजेरियाच्या पुढाकाराने आफ्रिकी गटाने आणलेला, राष्ट्रसंघात करसहकार्याचा करार तयार करण्याचा ठराव आमसभेच्या समितीत १२५ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला. २०२५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. अमेरिका सुरुवातीच्या बैठकीतच बाहेर पडली, बाकीचे देश काम करत राहिले. मसुदा २०२७ मध्ये आमसभेपुढे यायचा आहे.

पुन्हा विचारायचे झाले तर

लोकांना सामील करून घ्यायचे असेल तर या वाटाघाटींइतकी योग्य जागा मला दिसत नाही. आणि 'माय वर्ल्ड'चे जे चांगले ते टाकून देण्याचे कारण नाही: कागद, स्वयंसेवक, खुले निकाल, देशानुसार वेगळे करता येणारे आकडे. बदल प्रश्नात करावा लागेल. उदाहरणार्थ: एखादी कंपनी तुमच्या देशात दुकान किंवा कचेरी न ठेवता ऑनलाइन सेवा विकत असेल, तर तिच्या नफ्यावरचा कर तुमच्या देशाला मिळावा का? सीमापार सेवांवरचा कर हा करारासोबतच्या पहिल्या पूरक मसुद्याचाच विषय आहे, त्यामुळे हे उत्तर थेट एका टेबलावर जाईल. असा प्रश्न गरीब आणि श्रीमंत दोन्ही देशांत विचारता येतो, आणि दोन्हीकडच्या उत्तरांतला फरक स्वतःच बोलका असेल.

प्रश्न लिहिण्याच्या आधी मात्र चर्चा हवी, आणि तीही गरिबांची आधी आपसांत. फ्रान्समध्ये जोसेफ व्रेझिन्स्की यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या, अतिगरिबांच्या बरोबरीने काम करणाऱ्या एटीडी चौथे विश्व या चळवळीने ही पद्धत काळजीपूर्वक घडवली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर सहा देशांत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गरिबी भोगलेले लोक, त्यांच्यात काम करणारे आणि अभ्यासक असे तीन गट आधी वेगवेगळे बसले. प्रत्येकाने आपले म्हणणे पक्के केले आणि मगच ते एकमेकांसमोर आले. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून एकत्र बसवले तर अभ्यासकाची भाषा जिंकते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यातून गरिबीची नऊ परिमाणे निघाली. संस्थांकडून होणारी वाईट वागणूक, समाजाकडून होणारी अवहेलना आणि गरिबांच्या योगदानाची दखल न घेणे ही त्यांतली तीन आहेत. सोळा पर्यायांच्या यादीत यांतले एकही या शब्दांत नव्हते.

ऑनलाइन चर्चेतही हे करता येते. गटाचे बोलणे त्यांच्याच भाषेत, आवाजी संदेशांवर, ओळखीच्या संयोजकाबरोबर आधी होऊ द्यावे. सारांश त्यांना वाचून दाखवून त्यांनी दुरुस्त केल्यावरच तो पुढे जावा. मतपत्रिका त्या सारांशांवरून तयार व्हावी, आणि तिच्यावर उत्पन्नाचा अंदाज देणारे दोनतीन साधे प्रश्न असावेत. मतदान मसुदा ठरण्याच्या आधी संपावे. ज्या स्वयंसेवकांनी कागद नेला त्यांनीच निकाल परत नेण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. आणि वाटाघाटी करणाऱ्या प्रत्येक सरकारने आपल्या देशातल्या उत्तरांवर लेखी म्हणणे द्यावे: काय मानले, काय मानले नाही आणि का. २०२७ अजून हातात आहे.